तीन मजले, एक वायफाय: महालातल्या घराच्या नोंदी

ज्यांच्या घरी दोन-तीन राउटर आहेत आणि तरी जिना चढला की व्हिडिओ कॉल तुटतो, त्यांच्यासाठी हे लिहून ठेवून राहिलो. घर नागपूरच्या महाल भागात आहे, प्लॉट अरुंद आणि मागे लांब गेलेला. खालचा मजला जुना, दीड फुटाच्या विटांच्या भिंती, वरचे दोन नंतर चढवलेले स्लॅबचे. खाली वहिनीची शिकवणी चालते, मधल्या मजल्यावर आई-बाबा आणि स्वयंपाकघर, वर गच्चीला लागून माझी खोली, ऑफिसचं काम मी तिथूनच करतो. वहिनी टॅबवर ऑनलाइन बॅच घेते आणि पोरगं लहान असल्यामुळे क्लास चालू असतानाच तिला वर-खाली करावं लागतं. पहिल्या मजल्याच्या वळणावर आवाज गेला की चॅटमध्ये लगेच पोरांचं सुरू, मॅडम आवाज नाही येऊन राहिला. दहावीची मुलं आहेत, त्यांचा एकेक प्रश्न अर्ध्यात राहतो, म्हणून हे काम एकदाचं नीट करायचं ठरवलं.

६ एप्रिल

काही विकत घ्यायच्या आधी मोजमाप. फोनमध्ये वायफाय अ‍ॅनालायझर टाकलं, वहीत घराचा नकाशा काढला आणि जागोजागी उभं राहून सिग्नलचे आकडे (डीबीएममध्ये) लिहिले. आकडे उणे येतात, शून्याच्या जितके जवळ तितके चांगले. उणे ५० म्हणजे मस्त, उणे ६७ पर्यंत कॉल व्यवस्थित चालतो, उणे ७५ च्या खाली सगळं अडखळतं.

सध्या घरात तीन नावं आहेत. खाली फायबरवाल्यांचा डबा, त्याचं नाव "घर". मधल्या मजल्यावर भिंतीत खोचलेला रिपीटर, "घर एक्स्ट". वर माझा जुना राउटर, "घर वर", तो खिडकीबाहेरून ओढलेल्या केबलवर. सिग्नल तसा सगळीकडे आहे, एकही जागा पूर्ण कोरडी नाही. म्हणजे कॉल तुटतो तो सिग्नल नाही म्हणून नव्हे.

कारण वरच्या राउटरमध्ये सापडलं. खाली फोनला नेटवर्कचा पत्ता (आयपी) १९२.१६८.१ च्या मालिकेतला मिळतो आणि वर गेलं की १९२.१६८.० मधला. वरचा राउटर स्वतःच वेगळं नेटवर्क चालवून राहिला होता. फोनचा पत्ता बदलला की चालू असलेलं कनेक्शन तिथेच मरतं आणि अ‍ॅपला सगळं पहिल्यापासून जोडावं लागतं. त्यात नावं वेगवेगळी असल्यामुळे फोनच्या लेखी ही तीन वेगळी घरं आहेत, तो एकातून दुसऱ्यात सरकत नाही, एक पूर्ण सुटलं की मग दुसरं शोधतो.

८ एप्रिल

वरच्या राउटरला नुसता अ‍ॅक्सेस पॉइंट केला, म्हणजे तो आता फक्त वायफाय पसरवतो. त्याचं डीएचसीपी बंद केलं, म्हणजे पत्ते वाटायचं काम फक्त खालच्या डब्याकडे राहिलं, आणि खालून येणारी केबल वॅनच्या (इंटरनेटच्या) भोकातून काढून लॅनच्या (घरातल्या वस्तू जोडायच्या) भोकात लावली. हे एवढंच आहे, पण क्रम महत्त्वाचा. आधी राउटरला त्याचा स्वतःचा पत्ता बदलून द्या, खालच्या डब्याच्या वाटपाच्या बाहेरचा. आमच्याकडे वाटप १०० पासून सुरू होतं म्हणून मी २ दिला. डीएचसीपी आधी बंद केलं तर नंतर त्याच्या सेटिंगच्या पानावर जाताच येत नाही, लॅपटॉपला हाताने पत्ता टाकावा लागतो, संध्याकाळ त्यात गेली.

रिपीटर काढून टाकला. तो एकाच रेडिओवर खालचं ऐकतो आणि तेच पुन्हा वर बोलतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. ज्यांच्याकडे केबल ओढणं शक्यच नाही त्यांनी ठेवावा, बाकीच्यांनी तो पैसा केबलीत घालावा.

१३ एप्रिल

केबलचा दिवस. खाली डबा आणि पाच पोर्टचा गिगाबिट स्विच, तिथून मधल्या मजल्याला एक आणि वर एक अशा दोन लाइनी. भिंतीतल्या जुन्या पाइपातून नेऊ असं वाटलं होतं. इलेक्ट्रिशियनने स्प्रिंग घालून पाहिली आणि म्हणाला, "दादा, पाइप जाम हाय, वायर नाही जात यातून." मग मधल्या मजल्याची लाइन बाथरूमच्या डक्टमधून नेली आणि वरची बाहेरच्या भिंतीवरून, पीव्हीसी पाइपात.

केबल बर्डीवरून, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातून आणली. तिथे एकाच नावाखाली दोन प्रकार मिळतात, एक शुद्ध तांब्याची आणि एक अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली. दुसरी स्वस्त असते, हातात हलकी लागते, आणि वाकवली की आतली तार तुटते. टोक सोलून तार पात्याने खरवडून बघा, आत पांढरी निघाली तर ठेवून द्या. मला तांब्याची मीटरला तीस रुपयांच्या आसपास पडली.

वरची लाइन जोडली तर लिंकचा वेग १०० एमबीपीएसवर अडकला, १००० (गिगाबिट) होईना. १०० ला केबलीतल्या तारांच्या चार जोड्यांपैकी दोनच लागतात, गिगाबिटला चारही, म्हणजे एखादी जोडी लागलेली नाही. टोक उजेडात धरून पाहिलं तर निळी तार प्लगच्या शेवटापर्यंत पोचलेलीच नव्हती, दोन मिलिमीटर मागे राहिली होती. कापून प्लग पुन्हा दाबून बसवला (क्रिंप केला). क्रम असा: पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. तारा सरळ करून एका रेषेत कापायच्या, प्लगमध्ये घातल्यावर समोरून आठही टोकं चमकताना दिसली पाहिजेत, मगच दाबायचं. दिसली नाहीत तर दाबू नका, प्लग वाया जातो.

१५ एप्रिल

मधल्या मजल्यावर रिपीटरच्या जागी जुना सेकंडहँड राउटर, अठराशेला. तिन्हीकडे नाव "घर", पासवर्ड एकच, सुरक्षेचा प्रकारही एकच ठेवला, डब्ल्यूपीए२. हा प्रकार जुळला नाही तर नाव सारखं असूनही फोनला ते एक नेटवर्क वाटत नाही, आणि ही गोष्ट पुष्कळ जणांकडून सुटते.

कॉल आता पूर्ण तुटत नाही. पण वहिनी वर माझ्या खोलीत येते तरी टॅब खालच्याच डब्याला चिकटलेला, आवाज तुटक. राउटर तीन फुटांवर आणि टॅब दोन मजले खालच्याशी बोलून राहिला.

इथे जे समजलं त्यावर पुढचं सगळं काम उभं आहे. कोणत्या राउटरला जोडायचं हे फोन ठरवतो, राउटर नाही. आणि फोन जोपर्यंत त्याला बरं चाललंय तोपर्यंत दुसरं काही शोधतच नाही. अ‍ॅपलने हे आकडे उघड सांगितलेत: आयफोन उणे ७० च्या खाली गेल्यावरच नवीन अ‍ॅक्सेस पॉइंट बघायला लागतो, आणि कॉल चालू असेल तर नवा किमान ८ डीबीने चांगला पाहिजे, नुसता पडून असेल तर १२ ने. मॅक तर उणे ७५ पर्यंत थांबतो. बाकीच्या फोनांचं गणित कंपनीप्रमाणे वेगळं, पण चाल तीच.

मग वहीतला नकाशा पुन्हा काढला. जिन्याच्या वरच्या पायरीवर खालच्या डब्याचा आकडा उणे ६६. टॅबच्या दृष्टीने सगळं ठीक आहे, तो कशाला हलेल?

२० एप्रिल

म्हणून पॉवर कमी करायची. सांगितलं की घरचे दचकतात, बाबा म्हणाले, "अरे, रेंज येत नाही म्हणून तू इतका पसारा मांडला अन् आता रेंजच कमी करतोस?" पण दुसरी बाजूही आहे. राउटर १०० मिलीवॅटने ओरडतो, फोनची ताकद बहुतेक वेळा त्याच्यापेक्षा कमीच असते. फोनला राउटर ऐकू येतो, राउटरला फोन नीट ऐकू येत नाही. स्क्रीनवर कांड्या भरलेल्या दिसतात आणि आपला आवाज समोरच्याला जात नाही, ते यामुळेच.

फायबरवाल्यांच्या डब्यात पॉवरचं सेटिंगच नव्हतं. त्याचं वायफाय बंद करून टाकलं, तो आता फक्त राउटर. खालीही एक जुना राउटर आणला आणि तिघांवर ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरचं मोफत फर्मवेअर चढवलं, त्यात पॉवर आकड्यात देता येते. विकत घेण्याआधी नेमकं मॉडेल आणि त्याची आवृत्ती ओपनडब्ल्यूआरटीच्या यादीत आहे का ते बघा, एकाच मॉडेलच्या दोन आवृत्त्यांत आतलं सामान वेगळं निघतं.

वायफायचे दोन पट्टे असतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. सुरुवातीला २.४ वर पॉवर ६ डीबीएम ठेवली, तर आईचा फोन स्वयंपाकघरात मेला. ओट्याजवळ फ्रिज आहे आणि तो नेमका मधल्या राउटरच्या आड येतो. दोन-दोनने वाढवत १० वर आणलं. ५ गिगाहर्ट्झला १७. डीबीएमचा हिशोब एकदा ध्यानात घ्या, ३ ने कमी केलं की ताकद निम्मी होते: २० म्हणजे १०० मिलीवॅट, १७ म्हणजे ५०, १० म्हणजे १०. २.४ मुद्दाम बरंच खाली ठेवायचं, कारण ते भिंती पार करून लांब जातं आणि फोन लांबच्या २.४ ला धरून बसतो. वरच्या मजल्यावर तर २.४ बंदच करून टाकलं.

आता जिन्याच्या वरच्या पायरीवर खालचा आकडा उणे ७६, मधला उणे ५८. टॅब वळणावरच सरकतो. आतापर्यंतच्या कामातला सगळ्यात मोठा फरक या एका बदलाने पडला, आणि पॉवर कमी करण्याचा स्वतःचा असा खर्च काहीच नाही.

२७ एप्रिल

कूलर लागले आणि नकाशा रद्द झाला.

मधल्या मजल्यावर बैठकीच्या खिडकीत मोठा पत्र्याचा कूलर बसतो, आणि तो राउटर आणि आई-बाबांची खोली यांच्या नेमका मधे आला. खिडकी रिकामी होती तोवर खोलीत उणे ५८ येत होतं, कूलर बसून टाकीत पाणी भरल्यावर उणे ७१. तिन्ही बाजूंनी पत्रा म्हणजे रेडिओला भिंतच, आणि पाणी २.४ चांगलंच शोषतं. नागपुरात मार्चच्या आधी कोणी हे काम केलं असेल तर त्याने उन्हाळ्यात पुन्हा मोजावं, किंवा कूलर कुठे बसणार ते आधी धरूनच राउटरची जागा ठरवावी. राउटर तिथून उचलून जिन्याच्या तोंडाशी छताखाली टांगला. तिथून खोली, स्वयंपाकघर आणि जिना तिन्ही सरळ दिसतात. उणे ६० झालं. लाइन अडीच मीटर वाढवावी लागली.

१ मे

महाराष्ट्र दिनाची सुट्टी, चॅनेल लावले. २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे तीनच, १, ६ आणि ११. महालात घराला घर लागून आहे, तिन्हींवर शेजाऱ्यांची गर्दी, त्यातल्या त्यात खाली १ आणि मधे ११ घेतलं. काही जण मधलं म्हणून ३ किंवा ९ लावतात, त्याने दोन्हीकडचा त्रास पदरात पडतो.

५ मध्ये खाली ३६, मधे १४९, वर ४४, चॅनेलची रुंदी ४० मेगाहर्ट्झ. रुंदी ८० ठेवली असती तर वेगाचा आकडा मोठा दिसला असता पण ३६ आणि ४४ एकमेकांवर बसले असते. ५२ पासून १४४ पर्यंतचे मुद्दाम टाळले. ते रडारशी वाटून घ्यायचे चॅनेल आहेत, राउटरला रडारची चाहूल लागली तर त्याला तो सोडून दुसरीकडे जावं लागतं, आणि फोनलाही तिथे स्वतःहून हाक मारायची परवानगी नसते, राउटरच्या बीकनची, म्हणजे "मी इथे आहे" या हाकेची वाट पाहत गप ऐकावं लागतं. बीकन साधारण सेकंदातून दहा वेळा येतो, म्हणजे एकेका चॅनेलवर फोनचा वेळ जातो आणि जिन्यात तेवढा वेळ नसतो. देश भारत निवडायला विसरू नका, तिन्हीकडे.

४ मे

के, व्ही आणि आर. पेटीवर ही तीन अक्षरं मोठी छापतात म्हणून खूप जण इथूनच सुरुवात करतात. ८०२.११के म्हणजे राउटर फोनला शेजारच्या राउटरांची यादी देतो, फोनला सगळे चॅनेल चाळावे लागत नाहीत. व्ही म्हणजे राउटर फोनला सुचवतो की तिकडे जा, फोन ऐकेल किंवा नाही ऐकणार. आर म्हणजे चावीची बरीचशी देवाणघेवाण आधीच उरकलेली असते, त्यामुळे जोडणी लवकर होते.

ओपनडब्ल्यूआरटीत सोबत येणारं डब्ल्यूपॅडचं (वायफायची जोडणी सांभाळणाऱ्या प्रोग्रामचं) छोटं पॅकेज काढून पूर्ण पॅकेज टाकावं लागलं. हे करताना लॅपटॉप केबलने जोडा आणि नवीन पॅकेज आधी उतरवून ठेवा, जुनं काढलं की वायफाय त्या क्षणी जातं. नुसतं के चालू केलं तर यादीत बाकीचे राउटर आलेच नाहीत, प्रत्येक राउटर फक्त स्वतःला ओळखत होता. यूस्टीअर (राउटरांना आपसात बोलायला लावणारं पॅकेज) टाकल्यावर तिघांना एकमेकांची माहिती मिळायला लागली.

आर चालू केलं आणि अर्ध्या तासात तक्रारी. प्रिंटर जोडेना, बाबांचा जुना फोन पासवर्ड चुकला म्हणून सांगे, बोअरच्या मोटरचा स्मार्ट स्विच गायब. जुन्या वस्तूंना आरची जाहिरात कळत नाही आणि त्या सरळ नकार देतात. त्यांच्यासाठी खाली आणि मधे २.४ वर "घर जुने" असं वेगळं नाव केलं, त्यात आर नाही. यापैकी प्रिंटर आणि स्विच जागचे हलतच नाहीत, आणि बाबांचा फोन बहुतेक वेळ मधल्या मजल्यावरच असतो.

मग लॅपटॉप हातात धरून, सेकंदाला पाच पिंग (राउटरकडे जाऊन परत येणारे छोटे चाचणी-निरोप) चालू ठेवून खालून वर चढत गेलो. आर नसताना सरकताना दोन-तीन पिंग जायचे, आर लावल्यावर एखादा. फरक आहे, पण कानाला नाही जाणवत. घरच्या पासवर्डवाल्या नेटवर्कात चावीसाठी चारच निरोप इकडून तिकडे जातात, त्यात वाचवण्यासारखं फारसं नाही. ऑफिसात किंवा कॉलेजात प्रत्येकाचं वेगळं लॉगिन असतं, दर वेळी सर्व्हरला विचारावं लागतं, तिथे आरची खरी गरज. ज्यांच्या राउटरात हे नाही त्यांनी त्यासाठी नवा घेऊ नये. आर खरंच लागलं का ते लॉगमध्ये कळतं, फोन जोडल्याच्या ओळीत शेवटी एफटी लिहून येतं.

११ मे

सिग्नल अमुकच्या खाली गेला की फोनला काढूनच टाकायचं, असाही पर्याय यूस्टीअरमध्ये आहे. लावून पाहिला. टॅबला त्याने काही फरक पडला नाही, तो आधीच वेळेवर सरकत होता. पण आई संध्याकाळी अंगणात तुळशीजवळ बसून ताईशी बोलते, तिथे खालच्या राउटरचा उणे ७७ येतो आणि दुसरा राउटर ऐकूच येत नाही. राउटर तिला काढतो, फोन परत तिथेच येतो, पुन्हा काढतो. "काहून कटते रे फोन? कालपर्यंत तर बरा होता," असं तिने विचारल्यावर लॉग उघडला तर पानभर तेच. बंद केला. जिथे दुसरा पर्याय आहे तिथे तो नियम लागत नाही आणि जिथे पर्याय नाही तिथे माणसाचं बोलणं तोडतो. आईचं ताईशी होणारं बोलणं मला त्या आकड्यापेक्षा मोठं आहे.

माझा विंडोजचा लॅपटॉप मात्र अजून चिकट होता. इंटेलच्या वायफाय कार्डात ड्रायव्हरमध्येच रोमिंग अ‍ॅग्रेसिव्हनेस नावाचं सेटिंग असतं, पाच पायऱ्यांचं, मुळात मधल्या पायरीवर. चौथीवर नेलं, बस. पाचवीवर एकाच खुर्चीत बसूनही तो दोन राउटरमध्ये नाचत होता.

२६ मे

नवतपा, उन्हाळ्यातले कडक नऊ दिवस. वरचा राउटर दुपारी स्वतःहून बंद-चालू होऊन राहिला. बहुतेक घरगुती राउटरांना ४० अंशांपर्यंतच चालवा असं कागदावर लिहिलेलं असतं, आणि वरच्या स्लॅबखाली, बंद कपाटावर, भर दुपारी त्याहून कितीतरी जास्त असणार. त्रास नुसता रीस्टार्टचा नाही. तो बंद झाला की फोन मधल्या मजल्याला जातो, तिथून उणे ६८ मिळतं, आणि वरचा परत चालू झाला तरी फोन तिथेच राहतो, कारण उणे ७० अजून ओलांडलेलं नाही. संध्याकाळपर्यंत सगळं धिम्या गतीने चालतं आणि वाटतं की रोमिंगच बिघडलं. राउटर कपाटावरून काढून खाली, कूलरची हवा लागते त्या भिंतीवर बसवला. थेट झोतात नाही, ओल लागते. तेव्हापासून थांबलं.

१२ जून

पहिलं जोराचं वादळ. रात्रभर विजा, लाइट गेली ती पहाटे आली. वरची लिंक मेलेली. स्विचचा तो एक पोर्ट जळाला, राउटर वाचला. बाहेरच्या भिंतीवरून खुल्यात गेलेली लाइन होती तीच गेली, डक्टमधल्या लाइनीला काही झालं नाही. नवीन स्विच तेराशे. वरची लाइनही आता डक्टमधूनच वर काढली, मिस्त्रीचे सातशे वेगळे. विदर्भात विजा किती पडतात ते आपल्याला ठाऊक आहे, गच्चीवरून किंवा बाहेरून तांब्याची केबल नेऊ नका, न्यायचीच असेल तर फायबर न्या.

लाइट परत आल्यावर आणखी एक दिसलं. राउटर आधी चालू होतात, फायबरचा डबा उशिरा, तोवर फोन-लॅपटॉप जोडून बसतात पण पत्ता देणारं कोणी नसतं, काही तर १६९.२५४ ने सुरू होणारा बिनकामाचा पत्ता घेतात. डबा आणि स्विच दोन्ही इन्व्हर्टरच्या लाइनीवर घेतले.

२३ जून

शाळा उघडल्या, वहिनीच्या बॅचा पुन्हा भरल्या. आज सातच्या बॅचमध्ये ती त्रिकोणमिती शिकवता शिकवता खालून वर गेली, पोराला आईजवळ दिलं आणि खाली आली. मी लॉग उघडून बसलो होतो, टॅब दोन्ही वेळा वळणावर सरकला, चॅटमध्ये फक्त उत्तरं.

कोणाला जशीच्या तशी हवी असतील तर सध्याची सेटिंगं. खाली: ५ वर चॅनेल ३६, १७ डीबीएम, २.४ वर चॅनेल १, १० डीबीएम. मधे: १४९ आणि ११, पॉवर तीच. वर: फक्त ५, चॅनेल ४४, १४ डीबीएम, खोली लहान आहे, त्याला पुरतं. रुंदी ५ वर ४०, २.४ वर २०. के आणि व्ही तिन्हीकडे, आर फक्त "घर" या नावावर, मोबिलिटी डोमेन (आरसाठी राउटरांच्या गटाची खूण) तिघांवर एकच. आकडे तुमच्या भिंतींप्रमाणे बदलतील, म्हणून आधी वही घेऊन जिन्यावर उभे राहा. फर्मवेअर अपडेट केल्यावर देश आणि पॉवर पुन्हा तपासा, मागच्या आठवड्यात मधल्याची पॉवर अपडेटनंतर गुपचूप २० वर गेली होती आणि टॅब लगेच पुन्हा चिकटायला लागला होता.